सहीवाचून अडलेली भिंत

४ जानेवारी २०२६, रविवार

ती. वनमाला अक्का,

फोन तू उचलत नाहीस. गेल्या महिन्यात अकरा वेळा लावला. शेवटी तेजश्रीला लावला, तर तुझी लेक म्हणते, "मामा, आईला काय सांगायचं ते कागदावर लिहा. कागद फाडायला तरी तिला चष्मा लावावा लागंल." म्हणून लिहितोय. फाडण्याआधी शेवटापर्यंत ये. काम फक्त एका सहीचं आहे.

महादेवाच्या देवळाला लागून आपली भजनाची खोली आहे, तिच्या भिंतीच्या टाइल्स सुटायला लागल्यात. गेल्या सोमवारी भजन चालू असताना एक निसटली ती नेमकी पखवाजावर. चामड्याची पुडी फाटली. वाजवणाऱ्याची बोटं वाचली ही शंकराची कृपा. नऊ फेब्रुवारीला सप्ताह बसतो. त्याआधी भिंत नीट झाली पाहिजे.

साधी भिंत असती तर कुणाला विचारायचं कारण नव्हतं. पण डोळ्यांच्या उंचीवर एकतीस टाइल्सची ओळ आहे आणि प्रत्येकीवर गावातल्या एकेका माणसाचं नाव कोरलेलं आहे, अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून. जुन्या काढायच्या म्हणजे फोडायच्या. आणि बापाच्या नावावर छन्नी कोण मारू देणार? म्हणून मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो काढून नव्या बसवा, दुसरा म्हणतो जुन्यांवरच नव्या चिकटवा. महिना झाला, भजनाला बसलो की अभंग बाजूला आणि टाइलच पुढे.

मी मंडळाचा चिटणीस. अक्षर बरं आहे एवढ्या गुन्ह्यासाठी पंचवीस वर्षं वही माझ्याकडेच. भांडण नको म्हणून मीच ठराव मांडला की ज्यांनी टाइल्स दिल्या त्या सगळ्यांची लेखी संमती आल्याशिवाय एकाही टाइलला हात लावायचा नाही. वरून चिकटवायच्या असतील तर संमतीचं कारण नाही, कारण जुनी जागच्या जागी राहते. सगळ्यांनी हात वर केले. मग कुणी कोणाच्या नावानं टाइल दिली ती तेवीस वर्षांपूर्वीची वही काढली.

आईच्या नावापुढे देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, वनमाला, घाटनांदूर. अक्षर माझंच. तू समोर बसून सांगितलंस आणि मी लिहिलं. टाइलवर काय कोरलंय ते तुला माहीत आहे. त्या विषयात आता शिरायला नको.

सोबत संमतीचा कागद आणि माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. सही कर आणि टाक पेटीत. दाजींना नमस्कार.

तुझा,
राधाकिशन

१३ जानेवारी २०२६, भोगी

ती. अक्का,

कागद परत आला. सही नाही. मागच्या बाजूला तू लिहिलंस, "फरशीवर नाव कोणाचं आहे? ज्याचं नाव त्याची सही घ्या."

मला "घ्या" लिहिलंस. मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, तू मला कडेवर घेऊन शाळेत नेलेलं गावानं पाहिलंय. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

इकडे काय चाललंय ते ऐक, म्हणजे मी कोणत्या कचाट्यात आहे ते कळेल. धोंडीरामनं सही केली ती अट घालून. त्याच्या आण्णांच्या टाइलला हातोडा लागायचा नाही, ती अख्खी निघाली पाहिजे. मी म्हणालो, "धोंडीराम, ती टाइल आहे, पोळी नाही तव्यावरून उलथायला." तर म्हणाला, "मग सही दे माघारी." सारजाबाई आठवते ना, पाणवठ्याजवळची? तिनं तेव्हा स्वतःच्याच नावाची टाइल दिली होती, मागं कुणी देणार नाही म्हणून. ती रोज येऊन बरोबर आपल्या टाइलखाली पाठ टेकून बसते. "मी जित्ती हाय आजून. माझी फरशी कावून काढता?" मी म्हणालो, "सगळ्यांच्याच काढायच्यात मावशी." तर म्हणते, "बाकीचे मेले, त्यांचं काय जातंय?"

वडवणीहून पवन मिस्त्रीला बोलावलं. तिशीचा पोरगा, पण कामात पक्का. त्यानं खिशातून दहाचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवत गेला. ढब, ढब, ढब. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे मागं मागं.

"काका, समदी भिंत पोकळ हाय," तो म्हणाला. "मागं शिमिटाचा माल भरलाच न्हाई. पाच-पाच गोळे लावून चिटकवलंय. वरून चढवायचं म्हणलं तर मला काय, दोन दिसांत चढवतो. पण खालचीलाच पकड न्हाई, तर वरची तिच्यासंग खाली येईल. आन् ही ओल कुठून येतीय?"

ओल अभिषेकाच्या पाण्याची. गाभाऱ्यातलं पाणी ज्या नालीतून बाहेर जातं ती या भिंतीला लागून आहे आणि फुटलेली आहे. टाइल्स काढल्याशिवाय ते दिसणार नाही.

आपले अध्यक्ष सर्जेराव आबा म्हणाले, "सप्त्यापुरती टिकली तरी बास."

पवन म्हणाला, "आबा, देवाच्या घरी सप्त्यापुरतं काम सांगता व्हय?"

आबांनी तो विषय सोडला. पण ज्यांना सह्यांची कटकट नको ते सगळे आता वरून चिकटवायच्या बाजूला झुकलेत. तिकडे कुणाची संमती लागत नाही ना.

एक सांगायचं राहिलं. त्या ओळीत एकच टाइल भरीव वाजली. आपल्या आईची. ती तेव्हा मिस्त्रीनं नाही, मी बसवली होती. मागं सगळा माल भरून.

नवा कागद पाठवतोय. तीळगूळ तुझ्या भावजयीनं, रोहिणीनं, पुडीत बांधून दिलाय. तो तरी ठेवून घे.

राधाकिशन

२२ जानेवारी २०२६, गुरुवार

अक्का,

नऊ दिवस झाले. तीळगूळ मिळाला एवढं तेजश्रीकडून कळलं. "आईनं खाल्ला का?" विचारलं, तर म्हणाली, "डब्यात ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावलंय." यातून मी काय समजायचं?

तीस सह्या झाल्या. सारजाबाईनं कालच अंगठा दिला. राहिली फक्त तुझी. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की देवळात बैठक आहे. त्या दिवशी तुझी सही नसेल तर वरून चिकटवायचं ठरलंय. म्हणजे नाली फुटकी राहणार, ओल आत राहणार, आणि दोन-तीन वर्षांत दुहेरी भिंत कुणाच्या तरी डोक्यात पडणार. तुझ्या एका सहीपायी. पखवाजाच्या जागी माणूस असला तर त्याचं उत्तर कोण देणार, तू का मी?

गिरणीवर बसून लिहितोय, पट्टा चालू आहे, कागदावर पीठ पडतंय, आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. रोहिणी सकाळी म्हणाली, "तुमी सही मागताव. तिला जे पायजे ते कुठं देताव?" मी म्हणालो, तिला काय पाहिजे ते ती सांगते कुठं? तर ती दळणाचा डबा ठेवून निघूनच गेली. घरात ही तऱ्हा, बाहेर ती.

बरं. शिरतो त्या विषयात.

आई शेवटचे आठ महिने तुझ्याकडे होती. गिरणी नवी होती, रोहिणी बाळंतपणाला गेलेली, म्हणून मी आईला घाटनांदूरला नेऊन सोडलं. पंधरा दिवसांसाठी म्हणालो होतो. तू तिचं सगळं केलंस. ती गेल्यावर टाइल द्यायचंही तुझ्याच मनात आलं. ब्लाउज शिवून साठवलेल्यातून तू दिलंस आणि मला सांगितलंस, "लिही, कै. बायनाबाई यांच्या स्मरणार्थ, मुलगी वनमाला." वहीत मी तसंच लिहिलं. पण बीडला कोरायला यादी गेली ती वेगळी. टाइलवर आलं, मुलगा राधाकिशन.

ते मी आपल्या मनानं केलं नव्हतं. सर्जेराव आबा तेव्हा म्हणाले होते की लेकीच्या नावानं टाइल लागली तर लोक म्हणतील पोराला जमलं नाही का. मी तेव्हा सव्वीसचा. मोठ्या माणसापुढं काय बोलणार? काल्याच्या दिवशी तू पोळ्यांचा डबा घेऊन आलीस, टाइलसमोर उभी राहिलीस, वाचलंस, आणि पंगतीला न बसता दुपारच्या गाडीनं माघारी गेलीस. त्या दिवाळीपासून भाऊबीज बंद. मीही ताठलो. आबांचं नाव मी तुला सांगितलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला कशाला मध्ये ओढायचं. आता सांगितलं. आता तरी सही कर.

राधाकिशन

२७ जानेवारी २०२६, मंगळवार

अक्का,

मागचं पत्र तू ठेवलं असशील तर त्यातली आबांची ओळ खोडून टाक.

काल बैठकीच्या आधी आबा ओट्यावर एकटेच बसले होते. तुझं उत्तर नाही म्हणून मी चिडलेलोच होतो. म्हणालो, "आबा, तेव्हा तुमी मला लेकीचं नाव नको म्हणाला नसता तर आज ही पाळी आली नसती."

आबांनी कानाला हात लावला. "काय म्हणलो मी?"

मी पुन्हा सांगितलं.

"राधाकिशन, मी तुला इतकंच म्हणलो की यादी लौकर दे, बीडची गाडी निघतीय. लेकीबिकीचं मी कावून म्हणीन? माझ्या मायची फरशी माझ्या बहिणीनं दिली. जाऊन वाच. तिसरी हाय डावीकडून."

मी आत जाऊन वाचली. डावीकडून तिसरी. सर्जेराव आबांच्या आईची, खाली मुलीचं नाव. तेवीस वर्षं मी त्या ओळीसमोर वीणा घेऊन उभा राहतो. देवाचं नाव घेताना डोळे मिटलेले असतात, हे कारण सांगायला चांगलं आहे.

आबा खोटं बोलत नाहीत. मग ते वाक्य कुणाचं? मी रात्रभर आठवत राहिलो नाही, त्याची गरज पडली नाही. तिथंच, टाइलसमोर उभ्याउभ्या आठवलं. गिरणीतच बसून यादी उतरवत होतो. आईच्या ओळीवर आलो आणि वाटलं, आठ महिने आईला तिकडं ठेवली हे गावाला माहीत आहे, आता टाइलही लेकीची लागली तर माझं काय राहिलं? मी तुझं नाव लिहिलं नाही. माझं लिहिलं. कुणी काही म्हणालं नव्हतं. पुढं कधीतरी मी ते आबांच्या तोंडी घातलं आणि इतक्या वेळा मनात म्हटलं की आबांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. आणि मग टाइल निसटू नये म्हणून मागं मूठ मूठ माल भरून मी ती स्वतः बसवली.

बैठक सुरू झाली. धोंडीराम म्हणाला, "एक सही आली न्हाई, विषय संपला. चिटकवा वरून." सगळे उठायला लागले. मी म्हणालो, बसा. आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं, कारण बसून सांगता येत नव्हतं. अक्काची सही का येत नाही हे तुम्हाला कळलं पाहिजे, तिच्यामुळे काम अडलेलं नाही, माझ्यामुळे अडलंय, हेही म्हणालो.

धोंडीराम पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होता. मग भिंतीला टेकलेली सारजाबाई म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तेवीस वर्सं मी हिच्याखाली बसते. हिच्यावर माझंच नाव हाय का दुसरं कुणाचं, कुणाला ठाव? वाच रे."

मी वाचलं. सारजाबाई, स्वतःकडून.

"आता पुन्यांदा वाच," ती म्हणाली. "ह्याचा काय भरवसा."

लोक हसले. मीही हसलो असेन. मग तीच म्हणाली, "नव्या भिंतीव नावं नकोच. वहीतली नावं काल्याच्या दिशी मोठ्यानं वाचा. मला बी ऐकू येतंय." आबांनी मान हलवली. चिकटवायचा विषय रविवारपर्यंत तहकूब ठेवला.

अक्का, या पत्रात कागद घातलेला नाही. पाकीटही नाही. आधीचा तुझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते कर.

राधाकिशन

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

ती. अक्का,

शनिवारी कागद आला. सही आहे. खाली तीन शब्द, "फोड. तूच फोड."

"घ्या" गेलं, "फोड" आलं. मी तो कागद देवासमोर ठेवला आणि मग वहीत लावला.

रविवारी काम सुरू झालं. पोकळ टाइल्स पवननं सांध्यातून पटाशी घालून हलवल्या की पापडासारख्या सुटत होत्या. धोंडीरामच्या आण्णांची अख्खी निघाली. तो ती गोणपाटात गुंडाळून अशी घरी घेऊन गेला जणू आण्णाच दवाखान्यातून सुटले. सारजाबाईनं आपली चुलीशेजारी ठेवायला मागितली. वीस निघाल्या, दहा फुटल्या, भांडण एकही झालं नाही. महिनाभर मी ज्याला घाबरलो ते दुपारपर्यंत आटपलं.

मग आईची राहिली. पवन पुढं झाला. मी म्हणालो, ती माझ्याकडे दे.

अक्का, निघेना. छन्नी ठेवली, हातोडा मारला, ठिणगी उडाली. पवन मागून म्हणतो, "काका, कुणी बसवली ही? माल काय भरलाय! ह्या माणसाला मी कामाला ठेवला असता." बाकीचे खोकल्यासारखं करून हसले. पाऊण तास लागला. आधी माझं नाव फुटलं, ते खालच्या ओळीत होतं. आईचं नाव वाचवायला बघितलं, पण तेही तडकलं. "बायना" एका तुकड्यात राहिलं, "बाई" दुसऱ्यात गेलं. हाताला फोड आलेत, अक्षर वाकडं दिसेल.

तुकडे मी टोपलीत भरले. ते कुठं टाकायचे ते तुझ्याकडून यायला हवं. तोवर गिरणीत जात्याच्या मागं ठेवलेत.

भिंत उघडी झाली तेव्हा नालीचा फुटका भाग हाताएवढा निघाला. पवननं तो बांधला, गिलावा केला. उद्या नव्या टाइल्स, पांढऱ्या, नाव नसलेल्या, मागं पूर्ण माल भरून. एकेक मी वाजवून घेणार आहे.

सोळा तारखेला, सोमवारी काला. कीर्तनानंतर नावं वाचली जातील. अंबाजोगाईला गाडी बदलली की अकराला वडवणीत उतरतेस. पुढं मी न्यायला यावं की नाही ते तू ठरव. नको असेल तर रिक्षा असतात.

राधाकिशन

१७ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

अक्का,

तू आलीस. रिक्षानं आलीस.

सप्ताहात वीणा कुणी खाली ठेवत नाही, त्यामुळे मला जागचं हलता आलं नाही. तुला दारातून येताना पाहिलं. सारजाबाईनं सरकून तुला जागा केली आणि तुझ्या कानाला लागून काही बोलली. तू पदर तोंडाला लावलास. हसत होतीस की काय ते इतक्या लांबून कळलं नाही. त्या बाईला मी विचारलं, तर म्हणते, "आमचं बायकांचं हाय."

वही आबांनी वाचायला घेतली. त्यांना दिसत नाही, पानं चुकतात, दोन नावं त्यांनी दोनदा वाचली. मी कपाळावर हात मारणार होतो पण हातात वीणा. विसावं नाव आलं. "कैलासवासी बायनाबाई यांच्या स्मरणार्थ, मुलगी वनमाला, घाटनांदूर." तू खाली मान घालून बसली होतीस. मान वर केली नाहीस. पुढची अकरा नावं होईपर्यंत नाही.

मग पंगतीला बसलीस. दोनदा आमटी घेतलीस आणि वाढणाऱ्याला म्हणालीस, "मीठ कुणी घातलं रे? हात सैल हाय त्याचा." मीठ मी घातलं होतं, सकाळी.

रोहिणीनं घरी चल म्हणून हात धरला. तू तिच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि नाही म्हणालीस. घरी आली नाहीस. त्यावर माझी तक्रार नाही. माझ्या सगळ्या पत्रांत एवढंच एक वाक्य असं आहे की ज्यात माझी तक्रार नाही.

तुकड्यांची टोपली तू स्वतःच मागून घेतलीस आणि रिक्षात पायाशी ठेवलीस. त्यांचं काय करणार ते मी विचारलं नाही.

पण त्याआधी, खोली रिकामी झाल्यावर, तू एकटी भिंतीपाशी गेलीस. जिथं आईची टाइल होती त्या जागेपाशी उभी राहिलीस. पिशवीतून नाणं काढलंस आणि वाजवलंस. एकदा, मग थोडं बाजूला सरकून पुन्हा एकदा. मी दारात होतो. बाहेर भांडी घासायचा गलका चालला होता, मला काही ऐकू आलं नाही.

पवन म्हणतो भरीव आहे. मीही वाजवून घेतली होती. तरी तुला कसा आवाज आला, ते मला कळव. पत्र नको असेल तर फोन लाव. मी उचलतो.

तुझा भाऊ,
राधाकिशन